हसुरामदादा आणि सोळावी जागा

हसुरामदादांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना तिसऱ्या पंगतीला बसवलं, कारण व्याही तिसरे आले होते. पहिल्या पंगतीला मंडपवाले, वाजंत्री आणि रस्त्याने जाताना सहज डोकावलेला एक विमा एजंट जेवून गेले. नवरदेवाचे चुलते रुसून गाडीत जाऊन बसले, तेव्हा दादांनी काचेवर टकटक केलं. "पावनं, रुसा, पन निकस सांगा. आदी आला त्यो आदी जेवला, ह्यो आमचा. तुमचा निकस कंचा?" चुलत्यांकडे निकष नव्हता, भूक होती. ते उतरले आणि मुकाट्याने जेवले.

मी त्या लग्नात वाढपी होते. माझ्या हातातली भाताची परात तशीच राहिली होती. मुलीचा बाप असं वागू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दादा चौथीपर्यंत शिकले आणि पुढे मिठागरात राबले. तरुणपणी कबड्डीच्या पंचाची परीक्षा द्यायला गेले, तेव्हा पुस्तकात त्यांना 'निकष' हा शब्द सापडला. परीक्षा पास झाली, पुस्तक कुणीतरी नेलं, शब्द मात्र दादांनी आजवर खाली ठेवलेला नाही. मासळीबाजारात एकदा त्यांनी बघितलं की चांगली पापलेटं कोळीणबाई टोपलीच्या तळाशी दडवते आणि मुंबईची गाडी थांबली की वर काढते. "जना, निकस काय?" त्यांनी विचारलं. जनाबाई माशीसुद्धा न हाकलता म्हणाली, "गाडीचा नंबर, दादा. तुजी स्कूटर हाय, तुना बारकी मांदेलीच."

दादांना हे उत्तर फार आवडलं. चुकीचा असला तरी निकष होता.

पालखीचा किस्सा आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पालखी पहिल्यांदा पाटलांच्याच दारी का जाते, यावर दादांनी तीन वर्षं वाद घातला आणि शेवटी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. चिठ्ठी निघाली एका मुंबईकराच्या बंद बंगल्याची. सगळं गाव ढोल-ताशांसकट कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभं राहिलं. आत राखणदार कपडे वाळत घालत होता. त्यानेच हात पुसून देवीला ओवाळलं. पाटील संतापून लालबुंद झाले. दादा म्हणाले, "चिट्टी ती चिट्टी. देवीला राग न्हाय, तुमाला कशाला?"

पण दादांचं खरं दैवत म्हणजे त्यांची भिंत. आमच्याकडे लग्न झालं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात. दादांच्या भिंतीवर त्यांच्या लेकीचं, वैशालीचं नाव जेमतेम महिनाभर टिकलं. मग त्यावर चुना फिरला आणि कबड्डीचा हंगाम सुरू झाला. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत कुठल्या मैदानावर कोण जिंकलं, कोण हरलं, ते सगळं गेरूने लिहिलेलं. नुसता विजय मोजायचा नाही, कुणावर मिळवला तेही बघायचं. तगड्या संघाला हरवलं तर दोन रेघा, लेच्यापेच्याला हरवलं तर एक. दर सोमवारी सकाळी भिंतीसमोर गावोगावचे खेळाडू भांडायला जमत. दादांची बायको, आमची काकी, त्यांना चहा देई आणि वर ऐकवी, "लोकांच्या भिंतीला लक्ष्मीची पावलं. आमच्या भिंतीला लोकांच्या पराभवाचं सुतक."

त्या भिंतीवर यंदा आंबेकोंडचा संघ सगळ्यांत वर गेला होता.

आंबेकोंड डोंगराच्या कुशीतलं, भातशेतीचं गाव. मॅट नाही, खळ्यावर सराव. कप्तान निलेश, म्हणजे दादांचा जावई, वैशालीचा नवरा. तो एका कंपनीत कंत्राटावर लोडिंगला आहे. हंगामाच्या शेवटी आमच्या गावच्या किनाऱ्यावर निमंत्रितांची स्पर्धा होते. मोठ्या कंपन्यांचे निवड करणारे लोक आमच्या भागात फक्त त्याच स्पर्धेला येतात आणि चांगले खेळाडू आपल्या संघात, म्हणजे कायमच्या नोकरीत घेतात. वयाची अट असते. निलेशचं हे शेवटचं वर्ष होतं. आंबेकोंडला निमंत्रण मिळालं तर निलेशला संधी, नाही तर आयुष्यभर कंत्राट, एवढं ते सरळ होतं.

स्पर्धेत सोळा संघ. पंधरा दरवर्षीची जुनी मंडळं, भिंतीवर कुठेही असली तरी ती ठरल्यातच जमा होती. सोळाव्या जागेसाठी आंबेकोंड की वादळवीर, एवढंच निवड समितीने ठरवायचं होतं. वादळवीर किनाऱ्यावरचा, पैशांचा संघ. हंगामात आंबेकोंड दोनदा हरला होता, वादळवीर सात वेळा, त्यात एकदा आंबेकोंडकडूनच. पण वादळवीरच्या एका चढाईपटूचे व्हिडिओ मुंबईपर्यंत फिरतात.

गावाला काळजी नव्हती. समितीत सात जण, त्यात दादा. काकीने लेकीकडे न्यायला नारळसुद्धा आणून ठेवला होता.

मी समितीची चिटणीस. मला इतिवृत्त लिहायचा अधिकार आहे, मताचा नाही. माझे वडील कामगार चळवळीतले. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'आई'च्या पाठोपाठ शिकले. त्यामुळे त्या दुपारी अध्यक्ष विनूशेठच्या रिसॉर्टवर मी जे ऐकलं, ते लिहिताना माझं पेन कागदात रुतत होतं.

पहिला ठराव पैशांचा. जाहिरातींचे आणि फोनवरच्या थेट प्रक्षेपणाचे पैसे आजवर सोळा मंडळांत सारखे वाटले जायचे, गरीब गावांचं गाडीभाडं त्यातूनच निघायचं. विनूशेठने सुचवलं की यापुढे ज्या संघाला जास्त लोक बघतात, त्याला जास्त वाटा.

दादा उभे राहिले. "शेठ, वादलवीर येकटा मैदानात उतरला तर किती लोकं बघतील?"

"एकटा कसा उतरेल, दादा?"

"त्याच इचारतंय. समोर कोनतरी लागतो. पडनारा पन खेलतो, त्याचे पन गुडगे फुटतात. खेल दोगांचा नं पैसा येकाचा. निकस काय?"

"निकष पब्लिक," विनूशेठ म्हणाले. "टेन्शन नका घेऊ दादा, वडा घ्या."

ठराव मंजूर झाला. एका हातात बटाटावडा धरून दुसरा हात वर करणारी माणसं मी मोजली. पाच. गरीब गावांच्या गाडीभाड्याचा प्रश्न त्यांनी चटणी संपायच्या आत मिटवला.

दुसरा विषय सोळाव्या जागेचा. नावं निघायच्या आधीच दादांनी विचारलं, संघ कशावर घ्यायचा?

"एकूण बघायचं," विनूशेठ म्हणाले.

"येकून म्हंजे?"

"म्हणजे सगळं मिळून."

"सगलं म्हंजे काय काय?"

"दादा, हंगामात कोण जिंकलं ते झालं. आपल्याला बघायचंय आत्ता चांगला कोण आहे. संघ बघितल्यावर कळतं."

"बगितल्यावर कलतं, तर चार महिने खेलवलं कशाला? फोटो मागवाचे."

दोन जण हसले. विनूशेठसुद्धा हसले. मला वाटलं, जिंकलो. आंबेकोंडच्या बाजूने तीन जण आहेत, हे मला सकाळपासून माहीत होतं. चौथे दादा. विनूशेठ म्हणाले, "चला, मत घेऊ. आंबेकोंड की वादळवीर."

दादांनी चष्मा खिशात घातला आणि खुर्ची मागे सरकवली. "मी भायेर जातंय. आंबेकोंडला माजी लेक दिलेली हाय. मना मत न्हाय."

मी ताडकन म्हणाले, "दादा, असा नियम नाहीये."

"कागदावर न्हाय, बाय."

"विनूशेठचा भाचा वादळवीरमध्ये खेळतो. ते बसलेत."

विनूशेठ वड्याकडे बघत राहिले. दादा दारातून बाहेर गेले, आमची खिडकी बाहेरून ओढून घेतली आणि वाळूत समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. काचेतून दिसत होतं. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती.

तीन आणि तीन. अध्यक्षांचं जादा मत. वादळवीर.

या ठरावाचं इतिवृत्त मी लिहिलं नाही. लिहिताच येईना. चोराने चोरी केली की माणूस चिडतो. इथे घराच्या मालकानेच दार उघडं ठेवलं होतं. बाहेर येऊन मी दादांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोटच्या पोरीच्या संसारापेक्षा स्वतःचं स्वच्छ धोतर मोठं वाटतं का, असंही विचारलं. त्यांनी कानांतली बोटं काढली. "झालं?" एवढंच म्हणाले. मत झालं का विचारत होते, की माझं बोलणं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेले. मथळा होता, 'सोळाव्या जागेचा लिलाव'. दादांची सही हवी होती. ते स्कूटर काढत होते. काकी दाराशी पाठमोरी उभी. ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"आंबेकोंडला चाललंय," दादा म्हणाले. "निमंत्रन द्येवाला सगली जातात. न्हाय सांगाला कोनतरी जावाला नको? पोस्टर बघून कललं तर लय लागतं."

मी मागे बसले. रस्ताभर मी बोलले नाही, म्हणजे माझ्या मानाने उपोषणच.

खळ्यावर सराव चालू होता. निलेश रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगावर कंपनीची पँट. वैशाली कडेला पाण्याची कळशी घेऊन उभी. दादांनी स्कूटर लावली, चप्पल काढली आणि सगळ्यांच्या मध्ये जाऊन सांगितलं.

"नंबर तुमचा व्हता. मिलाला न्हाय. माज्या येका मताचा फरक पडला. मी मत दिलं न्हाय."

एक दांडगा पकडपटू म्हणाला, "म्हंजे दादा, तुमीच आमाला काडलं?"

"काडलं न्हाय. ठेवलं न्हाय."

वैशालीने कळशी खाली ठेवली. "बाबा, विनूशेठ उठला का?"

"न्हाय."

"मंग?"

"त्यो उठला न्हाय म्हनून मी बसाचा?"

"व्हय," वैशाली म्हणाली. "येकदा बसाचा व्हता. आमच्यासाटी बसाचा व्हता." आणि ती घराकडे निघून गेली.

दादा तिथेच उभे राहिले. आता ते परत फिरतील, असं मला वाटलं. निलेश पुढे आला. त्याचे डोळे लाल होते. जागरणाने की कशाने, ठाऊक नाही. "मामा," तो म्हणाला, "आलाव तर शिट्टी वाजवा. आमच्याकडं पंच न्हाय."

हे मला सगळ्यांत जास्त हादरवून गेलं. एवढं झाल्यावर त्या माणसाला शिवी सुचली नाही.

मग खेळ सुरू झाला. दोन्हीकडे त्यांचेच लोक, कशाचाच निकाल नव्हता. निलेश चढाईला गेला. डाव्या कोपऱ्यात त्याने हात मारला, दोघे अंगावर आले, तो वळला आणि कडेने सुटायला बघताना त्याची टाच चुन्याच्या रेषेवरून पार पलीकडे पडली. चुना पुसला गेला. मी दिसण्याइतकी जवळ होते. दादा तर रेषेवरच उभे होते. बाहेर गेला तो बाद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

दादांनी शिट्टी वाजवली आणि हात निलेशच्या बाजूला केला. एक गुण.

समोरचे सात जण दादांच्या हाताकडे बघत राहिले. निलेश मध्यरेषेपाशी थांबला. त्याने टाच वळवून बघितली, तिला चुना लागला होता. मग स्वतःच हात वर केला. "मामा, पाय गेला माजा," म्हणाला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला.

दादांनी मान हलवली. मग निलेश बाद झाल्याचा गुण समोरच्या संघाला दिला आणि खेळ पुढे चालू ठेवला. पत्रक माझ्या पिशवीतच राहिलं.

परतताना खाडीच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते उतरले, कठड्याला टेकले. ओहोटी होती, खाली नुसता चिखल.

"मना दिसलेला पाय," दादा म्हणाले.

"मलाही दिसला."

"चालीस वर्सांत कोनाला खोटा गुन दिला न्हाय, बाय." मागून एक टेम्पो हॉर्न देत गेला. "त्याला येक द्येवाचा व्हता. त्यानं घेतला न्हाय."