डोंगरावरच्या निवाऱ्याचे यशस्वी जतन

आमच्या डोंगरमाथ्यावर पायी जाणाऱ्यांसाठी एक निवारा होता. तीन भिंती, वर पत्रा, आत बाक. माझी आई परिचारिका. पलीकडच्या वस्तीत औषधं घेऊन ती चालत जाते. पाऊस आला की तिथे थांबायची. अशा महत्त्वाच्या वास्तूचा इतिहास कुणीच लिहिलेला नव्हता. ही उणीव शाळेच्या वार्षिक अंकात मी भरून काढली. तेव्हा मी नववीत होते आणि मला सगळं येत होतं. आता दहावीत आहे, आणखी येतं.

इतिहास काही सापडेना, म्हणून 'काळाच्या उदरात' हे शब्द जागोजागी पेरले. बाईंनी लेख वर पाठवला. वरच्यांनी निवारा ऐतिहासिक ठरवला, जतन समिती नेमली आणि मला बालसदस्य केलं.

पहिल्याच बैठकीत उघड झालं की लोक ऐतिहासिक बाकावर चक्क बसतात. बाक काढला. मग लोक भिंतींना टेकू लागले. कुंपण घातलं. पुढे तज्ज्ञ म्हणाले, पत्रा मागाहून टाकलेला आहे, मूळ रूपात बसत नाही. पत्रा उतरवला, अनुमोदन माझं. त्या पावसाळ्यात भिंती मूळ रूपाच्याही मागे गेल्या. त्यांची माती झाली.

तिथे आता माझ्या लेखाचा फलक आहे. अक्षरं भिजू नयेत म्हणून त्यावर छप्पर आहे, फलकाच्याच मापाचं. आईने एकदा त्याखाली डोकं घातलं.

"ताई, सरका," रखवालदार म्हणाला, "फलकावर पाणी उडतंय."

"माझ्याच मुलीने लिहिलाय तो."

"मग तुम्हीच नको का काळजी घ्यायला?"

औषधांच्या पुड्यांचा लगदा झाला. वस्तीतली तापाची पोरं तशीच राहिली. आई शिंकत घरी आली.

"पण फलक कोरडा राहिला ना?" मी विचारलं. तिने ओला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला.

गेल्या आठवड्यात मात्र धो धो पावसातून ती कोरडी परतली. पिशवीसुद्धा कोरडी.

"कुठे थांबलीस गं?"

"थांबले एका जागी."

"कुठली जागा? किती जुनी? कुणी बांधली?"

"तू जेवून घे."

बाबांनाही तिने सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

वाचकहो, डोंगर ओलांडताना ती कुठे आडोशाला उभी दिसली, तर तेवढं कळवा. तुम्हांलाही इतिहासाची आवड आहेच, नाहीतर इथपर्यंत वाचलं नसतंत.