दुसऱ्या कडव्यातला बिघाड

डॉक्टरांनी बैठकीच्या खोलीतलं कपाट बाहेर काढलं तेव्हा डॉक्टरीणबाई भाजी निवडत होत्या. सोफा गेला, तेव्हाही निवडत राहिल्या. पण घरातली सगळी पांघरुणं जेव्हा खिळे ठोकून भिंतीवर टांगली गेली, तेव्हा मात्र त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

"अहो, रात्री अंगावर काय घ्यायचं?"

"आवाज घुमतोय," डॉक्टर म्हणाले. "भिंती कोऱ्या आहेत."

"तीस वर्षं कोऱ्याच होत्या. तेव्हा कसा नाही घुमला?"

"तेव्हा असे स्पीकर कुठे होते?"

हे काही उत्तर झालं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी पुन्हा भाजी हातात घेतली. खांद्याइतके उंच दोन काळे स्पीकर मोकळ्या खोलीत लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखे उभे होते.

आता हे डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे डॉक्टर नव्हेत. ते कारखान्याच्या देखभाल विभागात होते आणि यंत्राचं दुखणं कानाने ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान करायचं, "बेअरिंग गेलंय. आठ दिवस काढेल." नवव्या दिवशी ते यंत्र हमखास बंद पडायचं. म्हणून कामगारांनी त्यांचं नाव डॉक्टर ठेवलं आणि त्या ओघात बायकोची डॉक्टरीणबाई झाली. चौतीस वर्षं या कानांनी एकच काम केलं होतं, कुठे काय बिघडलंय ते शोधायचं. नीट चाललेलं यंत्र कसं वाजतं याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही, कारण त्याचा पगार मिळत नव्हता.

असा माणूस निवृत्त झाल्यावर गाणं ऐकायला भारी स्पीकर घ्यायला निघाला, त्याला कारण होती एक कॅसेट.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि बायकोला गायला बसवलं. आईने शिकवलेलं तीन कडव्यांचं गाणं तिने म्हटलं. पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच खुर्चीत बसलेले तिचे मामंजी, म्हणजे डॉक्टरांचे वडील, उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. दार लागल्याचा 'खट्' असा आवाज टेपवर स्पष्ट आहे. टेप चालू होती म्हणून तिने गाणं पुरं केलं. पण त्यानंतर ती कधीच गायली नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही.

मामंजी शाळेत गणित शिकवायचे. चुकलं तर लाल रेघ मारायची, बरोबर आलं तर काही बोलायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. "त्यांना नाही आवडत," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. मामंजींना जाऊनही आता बावीस वर्षं झाली, तरी ती लाल रेघ काही पुसली गेली नव्हती.

डॉक्टरांना वाटायचं, तिचा तो आवाज तिला एकदा जसाच्या तसा ऐकवावा, समोर बसून कुणी गावं तसा, म्हणजे कदाचित ती पुन्हा गाईल. त्यांना या जन्मात आणखी काही ऐकायचं राहिलं नव्हतं. पण हे बायकोला तोंडावर कसं सांगणार? तिला त्यांनी सांगितलं, "बातम्या नीट ऐकू येत नाहीत."

"मग कान तपासा," ती म्हणाली. पण डॉक्टर ठरवून बसले होते.

स्पीकरचा दुकानदार चाळिशीचा, देवळात बोलावं तसा हळू बोलणारा माणूस होता. "काका, दुकानात सगळेच गोड वाजतात," तो म्हणाला. "एक जोडी घरी न्या, चार दिवस ऐका. नाही पटली तर दुसरी देतो. फक्त ऐकायला काहीतरी उत्तम घ्या."

डॉक्टरांनी खिशातून कॅसेट काढली. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली. "यावरून स्पीकर निवडणार?"

"यावरून नाही. यासाठी."

पहिली जोडी लहानशी होती. डॉक्टरांनी कॅसेट लावली आणि बाविशीतली बायको खोलीत गायला लागली. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग 'खट्' झालं आणि त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या. गाण्याचं त्यांना एवढंच आठवत होतं, की इथे दार लागतं. डॉक्टर एकटेच डोळे मिटून पुढचं ऐकत राहिले. एवढ्यात गाण्याच्या खालून, कुठून तरी लांबून, एक बारीक 'हूंऽ हूंऽ' आलं. मिटलेले डोळे तिथल्या तिथे उघडले.

"बिघाड!" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं.

जोडी परत गेली. दुसरी जोडी कमरेइतकी उंच होती आणि तिच्यात ते 'हूंऽ हूंऽ' दुप्पट झालं. तीही परत गेली. मग दुकानदाराने नाइलाजाने दुकानातली सगळ्यात भारी जोडी पाठवली. ती उचलायला तीन माणसं लागली. तिच्यात तर तो आवाज इतका मोठा आला, की डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं.

आता तीन जोड्या एकाच ठिकाणी बिघडतील कशा? म्हणजे दोष घराचा. म्हणून कपाट बाहेर गेलं, सोफा बाहेर गेला, पांघरुणं भिंतीवर चढली. 'हूंऽ' काही हटलं नाही. मग डॉक्टरांनी माळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि घर तपासायला घेतलं. पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावून ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "हाच तो!" फ्रिज बंद झाला. दुपारपर्यंत दूध नासलं आणि 'हूंऽ' जसंच्या तसं राहिलं.

मग त्यांनी भिंतीला कान लावला. भिंतीतून इमारतीच्या पंपाची घरघर येत होती. डॉक्टर खाली जाऊन पंप बंद करून आले. पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओणवल्या. त्यांच्या केसांना फेस होता.

"अहो डॉक्टर, पाणी गेलं! किती वेळ?"

"दुसरं कडवं होईपर्यंत!" डॉक्टर खालून ओरडले.

काकूंना यातलं काही कळलं नाही, पण फेस डोळ्यांत जात होता म्हणून त्या आत गेल्या. पंप पुन्हा सुरू झाला तेव्हा इमारतीतल्या निम्म्या घरांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं होतं.

संध्याकाळी दुकानदार स्वतः आला. डॉक्टर स्पीकरच्या पडद्याला स्क्रूड्रायव्हर लावून बसलेले पाहून त्याचा जीव कासावीस झाला.

"काका! तो आधी खाली ठेवा!"

"तुमच्या तिन्ही जोड्या सदोष आहेत."

"काका, असं कसं होईल? मला ऐकू द्या."

"ऐकाच. आणि तू पण बस गं," डॉक्टरांनी बायकोला हाक मारली. "मला साक्षीदार पाहिजे. आज दार लागलं तरी जायचं नाही."

डॉक्टरीणबाई भाजीची परात मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या, कारण बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. कॅसेट सुरू झाली. पहिलं कडवं झालं. 'खट्' झालं तेव्हा त्यांचा हात शेंगेवर थांबला, पण त्या उठल्या नाहीत. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागून 'हूंऽ हूंऽ' आलं.

"हे बघा!" डॉक्टर विजयाने म्हणाले.

दुकानदाराने डोळे मिटले होते. त्याने टेप मागे घेऊन पुन्हा लावली. मग तो हळूच म्हणाला, "काका, मी पंधरा वर्षं हाच धंदा करतोय. बिघाड कधी तालात येत नाही. हा तालात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे स्पीकर ठीक आहेत. हे कॅसेटमध्येच आहे. साध्या टेपरेकॉर्डरवर तुम्हाला कधी ऐकू आलं नसेल. दाराच्या पलीकडे कुणीतरी गुणगुणतंय. जरा बेसूर आहे, पण मनापासून चाललंय. दाराच्या आवाजानंतर नीट ऐका, आधी दोनदा घसा पण साफ केलाय."

डॉक्टरीणबाईंच्या मांडीवरची परात कलंडली आणि शेंगा जमिनीवर पसरल्या.

"दोनदा?" त्यांनी विचारलं. "परत लावा."

टेप पुन्हा लागली. दार लागलं. मागून कुणीतरी खाकरलं, एकदा आणि पुन्हा एकदा. घरात पाऊल टाकण्याआधी मामंजी असेच दोनदा खाकरायचे आणि त्यासरशी सगळं घर गप्प व्हायचं.

"अहो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मामंजी आहेत."

डॉक्टर स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभे राहिले. आठवडाभर ते आपल्याच बापाला बिघाड म्हणत होते.

"आप्पा?" ते म्हणाले. "आप्पा आणि गाणं? अगं, त्यांनी कधी पाढेसुद्धा चालीवर म्हटले नाहीत."

"मग ते उठून का गेले?"

डॉक्टरांनी विचार केला. कठोर चेहऱ्याचे, लाल पेन खिशाला लावलेले आप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर आले. या माणसाला नव्या सुनेसमोर मान डोलवायचीही लाज वाटली असणार.

"ते उठून गेले नव्हते," डॉक्टर म्हणाले. "गायला गेले होते. आपल्यादेखत कसे गाणार?"

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तेहेतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तेहेतीस वर्षं मी आपली त्या दारावर रुसून बसले. बावीस वर्षं तर ज्यांच्यावर रुसायचं ते माणूसही नव्हतं हो." डॉक्टरांना जवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि ते शेंगांमध्येच जाऊन बसले. दुकानदार उगाचच वायरी नीट करू लागला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, मग कोणती जोडी ठेवायची?"

डॉक्टर तोंड उघडणार एवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यात मामंजी सगळ्यात बेसूर ऐकू येतात, ती."

"मग हीच," दुकानदार म्हणाला. "हिच्यात काहीही लपत नाही."

"अहो, पण ही जोडी खोलीत मावत नाही," डॉक्टर म्हणाले. "सोफा कुठे ठेवायचा?"

"राहू दे बाहेर. मामंजींना जागा नको?"

दुकानदार गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून टेप मागे घेतली. गाणं पुन्हा लागलं, दार लागलं, मामंजी खाकरले आणि दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर नेहमीप्रमाणे घसरले. त्यांनी टेप थांबवली.

"असं नाही हो, मामंजी," त्या उजव्या स्पीकरला म्हणाल्या. "इथे वर जायचं असतं. ऐका."

आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. आवाज आधी जरासा कापला, मग जागेवर आला. बाविशीतला तो नव्हताच, जरा जाड झाला होता, कडेने थोडा झिजला होता. डॉक्टरांच्या चौतीस वर्षांच्या कानांना त्यात एकही दोष सापडला नाही. ती ओळ दुसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा त्यांना स्वयंपाकघरातून नुकत्याच सुरू केलेल्या फ्रिजची घरघर ऐकू आली. ते चवड्यांवर उठले, आवाज न करता आत गेले आणि फ्रिज बंद करून आले.