एकोणनव्वदचा डॉलर आणि दातपरी

सकाळी डोळे उघडण्याआधीच मार्सेल एचेवेरीने उशाजवळच्या बशीत हात घातला आणि त्याच्या बोटांना दात लागला.

त्याने आधी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग तो तसाच पडून राहिला, कारण स्वप्न अजून पुरतं विरलं नव्हतं. स्वप्नात तो कार्सन सिटीच्या जुन्या टांकसाळीच्या दारात उभा होता, खेचरांच्या गाड्यांमधून चांदी उतरत होती, आणि डॉलरवरची ती बाई, जी जन्मभर एकाच बाजूला बघते, चक्क मान वळवून त्याच्याकडे पाहून हसली होती. अशा स्वप्नानंतर हाताला दात लागणं कुणाला रुचेल?

बशीत काल डॉलर होता. मार्सेल तरुणपणापासून कार्सन सिटीच्या टांकसाळीतले चांदीचे डॉलर जमवत आला होता. एकेका सालाचं नाणं बसवायच्या अल्बममधली सगळी भोकं भरली होती, फक्त अठराशे एकोणनव्वद सालचं सोडून. ते भोक मार्सेलकडे बघायचं आणि मार्सेल त्या भोकाकडे. शेवटी नाण्यांच्या क्लबातला होगार्थ आपला एकोणनव्वदचा डॉलर द्यायला तयार झाला, पण बदल्यात त्याने मार्सेलची मासेमारीची होडी मागितली. आमच्या ईली गावाच्या आसपास पाणी कमी, म्हणून होडीवर माणसाचा जीव जास्त. मार्सेल खूप तळमळला आणि होडी देऊन बसला. डॉलर भोकात बसवायचा तो रविवारी, सगळ्या क्लबासमोर, कॉफी आणि केकसह, असं ठरलं. तोवर दिव्याखाली भिंगातून बघत बघत झोपी जायचं आणि स्वप्नं पाहायची, हे त्याचं सुख.

"लोरेटा," त्याने बायकोला हाक मारली, "बशीत दात आहे."

"जोसीचा आहे," लोरेटा स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल मक्याचं कणीस खाताना पडला. जपून ठेव, तिच्या आईला द्यायचाय."

"आणि बशीतला डॉलर?"

लोरेटा हात पुसत दारात आली. नात सुट्टीला आलेली, तिचा पहिला दात पडलेला, तो तिने उशीखाली ठेवलेला. दातपरीने येऊन दात न्यायचा आणि नाणं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. पण घरात एक नाणं सुटं नव्हतं, त्यामुळे परीची पंचाईत झाली होती.

"तुझ्या त्या चकचकीत डॉलरांना मी बोटसुद्धा लावलं नाही हं," ती म्हणाली. "बशीतला झिजका होता ना, तोच दिला. पोरीला काय कळतंय."

आता यात तिचा काय दोष? नाणं जितकं कोरं तितकं मोलाचं, हे तिने लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. या लोकांची प्रतवारीच तशी. सत्तर गुण म्हणजे कालच पाडल्यासारखं, आणि ज्याला ते 'गुड' म्हणतात ते पार गुळगुळीत. पण काही सालं इतकी दुर्मीळ असतात की झिजकं मिळालं तरी देव पावला, हे मार्सेलने तिला कधी सांगितलं नव्हतं. होडी देऊन झिजका डॉलर आणला, हे कोणता नवरा सांगेल? होडी दुरुस्तीला गेलीय, एवढंच तिला माहीत होतं.

न्याहारीच्या टेबलावर जोसी मूठ आवळून बसली होती. पोरगी सहा वर्षांची, पण नाणं पारखायला तिला मार्सेलनेच शिकवलं होतं. बाईच्या कानावरचे केस बघायचे, गरुडाच्या छातीवरची पिसं बघायची, शेपटीखालची टांकसाळीची खूण बघायची. मार्सेलने भोळा चेहरा करून परीने काय आणलं ते विचारलं. जोसीने मूठ उघडली आणि लगेच मिटली.

"प्रत व्हेरी फाइन," ती म्हणाली. "कानावरचे केस थोडे गेलेत."

परीला चष्मा लागला असेल, तिची चूक झाली असेल, असं म्हणत मार्सेलने सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला आरशासारखा लखलखीत डॉलर तिच्यापुढे ठेवला. बदलायचा का? जोसीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परीनं दिलेलं बदललं तर परीला वाईट वाटतं, असं तिचं म्हणणं पडलं.

खरं सांगून टाकावं, तर परी मरणार. लोरेटाने त्याला भांडी विसळता विसळता बजावलं, "तोंड उघडलंस तर याद राख. सांताक्लॉजचं तिच्या भावाने आधीच वाटोळं केलंय. ही एक परी तरी राहू दे."

मग मार्सेलने वयाला न शोभणारी गोष्ट केली. जोसी टोमॅटोंना पाणी घालायला गेली असताना त्याने तिच्या उशीखालचा डॉलर उचलून खिशात टाकला आणि तिथे तसाच झिजलेला नव्वद सालचा ठेवला. पोरगी आत आली, भिंग घेतलं आणि तिने जाहीर केलं की घरात चोरी झाली आहे. साल वेगळं आहे, शिवाय तिच्या बाईच्या हनुवटीवर ओरखडा होता. ती शेरीफला फोन लावायला निघाली, तेव्हा मार्सेलला गुडघ्यांवर बसून पलंगाखालून तो डॉलर शोधून काढल्याचं सोंग करावं लागलं.

"आजोबांच्या खिशातून सापडला," जोसी आजीला म्हणाली.

त्यानंतर तिने डॉलर असा काही दडवला की मार्सेलला त्याचं दर्शनही दुर्लभ झालं. त्या रात्री स्वप्नात टांकसाळ बंद होती आणि बाई पाठ फिरवून उभी होती.

रविवारी क्लबातली मंडळी जमली. होगार्थ सर्वांत पुढच्या खुर्चीत बसला. अल्बम टेबलावर उघडून ठेवला होता आणि ते भोक मार्सेलकडे टक लावून बघत होतं. मार्सेलने घसा खाकरला, हवेबद्दल बोलला, मग पुन्हा हवेबद्दलच बोलला.

"डॉलर कुठंय?" होगार्थने विचारलं.

तेवढ्यात नवा फ्रॉक घातलेली जोसी आली, खुर्चीवर चढली आणि तिने आपल्या मुठीतला डॉलर अंगठ्याने दाबून त्या भोकात बसवला.

"झोपताना मी परीला सांगितलं होतं," ती मार्सेलला म्हणाली, "मला पैसे नकोत, आजोबांना एकोणनव्वदचा आण. तुम्ही सारखे बघायला मागत होतात, म्हणून लपवला."

मार्सेलच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच भेटीची चोरी करायला निघालो होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. डोळे पुसून त्याने अल्बमकडे पाहिलं, तर डॉलर नव्या चमच्यासारखा चमकत होता.

"बाळा, घासलास का गं?"

"टूथपेस्टनं. दातासाठी मिळाला ना, म्हणून."

खोलीतल्या सगळ्यांचा केक तोंडातच राहिला. नाण्यावर शंभर वर्षांनी चढलेला काळपटपणा हीच त्याची अब्रू, आणि घासलेल्या नाण्याला या मंडळींत प्रत नसते. मार्सेलने पोरीला सगळं शिकवलं होतं, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

होगार्थ भिंग घेऊन वाकला. या माणसाने एका विधवेला, तिच्या नवऱ्याची सगळी नाणी घासलेली आहेत, असं तोंडावर सांगितलं होतं. तो बराच वेळ वाकून राहिला.

"प्रत कुणी ठरवली?"

"मी," जोसी म्हणाली. "सत्तर."

होगार्थने मार्सेलकडे पाहिलं. मार्सेल त्या भोकाकडे बघत होता, जे आता नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दात सापडला त्या सकाळचं स्वप्न परतलं होतं.

"सत्तरच," मार्सेल म्हणाला.

होगार्थने भिंग खाली ठेवलं. "मलाही सत्तरच दिसतात," तो म्हणाला, आणि लोक पुन्हा केक चावू लागले.

जोसी जिभेने पुढचा दात ढकलत होती. "हा पण हलतोय," ती म्हणाली. "आता परीकडे आजोबांची होडी मागणार. रोज रिकाम्या शेडकडे बघत बसतात बिचारे."

"होडी दुरुस्तीला गेलीय ना?" लोरेटाने विचारलं.

सगळा क्लब होगार्थकडे बघू लागला.

"होडी उशीखाली मावायची नाही, बाळ," होगार्थ म्हणाला.

"अंगणात ठेवली तरी चालेल."

होगार्थने केकची बशी बाजूला सारली आणि तो पोरीच्या कानाशी वाकला.

"तो दात," तो हळूच म्हणाला, "उगाच हलवत बसू नकोस."