टक्. जेवलास काय. बंद.

परकारसर बोलायच्या आधी टेबलावर बोट आपटतात, एकदाच. टक्. मग बोलतात, आणि बोलणं संपलं की म्हणतात, "बंद."

"टक्. चहा सांग. बंद."

प्रिन्सिपॉलसमोरही हेच. मांडवी बंदरावरची मासेवालीही आता शिकलीय. पाटीवर सुरी आपटून म्हणते, "टक्. बांगडा नाय आज. बंद." सर इतके खूश होतात की नको असलेली मांदेली घेऊन येतात.

सर आयुष्यभर बोटीवर वायरलेस सांभाळत होते. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवतात. मी तिथला शिपाई, तोही हंगामी. नववीत शाळा सुटली, बायकापोरं परभणीकडे. वायरीला हात लावायची अजून भीती वाटते. पण पहिल्याच दिवशी सरांनी मला स्टुलावर बसवलं.

"तार एकच. अक्षरं एकामागून एक जाणार. सुरू कुठे, संपलं कुठे, समोरच्याला कळायला नको? म्हणून टक्, म्हणून बंद. नायतर तो बिचारा वाट बघत बसेल."

मग त्यांनी माइकसमोर एकसुरी "ऊंऽऽ" लावला. स्क्रीनवर सारख्या लाटा उठल्या. "ही रिकामी होडी. आता बोलण्याचा माल चढवू." आवाज लहानमोठा झाला तशा लाटा फुगल्या, बसल्या. आदल्या संध्याकाळी मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. तो बोलतो कसा, ते इथे कळलं.

"आता वादळ घालू," म्हणत त्यांनी बटण दाबून खरखर मिसळली. लाटांचं पार भुस्कट झालं. तरी सरांनी त्यातूनच टाइप करून धाडलेली अक्षरं खाली एकेक करून धडधाकट उतरली. माझे हात आपोआप जोडले गेले.

"हात काय जोडतोस, मेल्या. गणित आहे ते."

तार तपासायला मुलं 'हॅलो' टाइप करतात. सर रोज दुपारी, डबा उघडण्याआधी, इंग्रजी अक्षरांत लिहितात, 'जेवलास काय'. तार वळवून त्याच कॉम्प्युटरला जोडलेली. धाडलेलं त्यांचं त्यांनाच परत येतं. मग ते डबा उघडतात. घरी एकटेच असतात. मुलगा मस्कतला. त्याचा विषय निघाला की सरांचं बोट टेबलावर टक् करतं, आणि पुढे काहीच येत नाही.

गेल्या महिन्यात झाडताना ती तार माझ्या हातून निसटली. घाबरून जी वायर बसली ती खोचून दिली. दुपारी सरांनी लिहिलं. परत काही आलं नाही. पुन्हा लिहिलं. चष्मा पुसला.

"तार गेली वाटतं," ते म्हणाले. टक् न करता.

आता नोकरी गेली, असं मनात आलं आणि माझी नजर शेजारच्या कॉम्प्युटरवर पडली. तिथे दोनदा उमटलं होतं, 'जेवलास काय'. दोन कॉम्प्युटर जोडायची वायर मी खोचली होती. गुपचूप काढता आली असती. पण मी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं, 'जेवलो. तुम्ही?'

सरांनी स्क्रीनवरचं वाचलं आणि वळले.

"सर, झाडताना चूक झाली, माझ्याच हातून..."

ते उठून माझ्यापाशी आले. "जेवलो म्हणे. डबा तर तुझा पिशवीतच आहे." त्यांनी आपला डबा माझ्यासमोर ठेवला, टेबलावर बोट आपटलं.

"टक्. तांदळाची भाकरी आहे. खा."

मी 'बंद'ची वाट बघत बसलो. ते म्हणालेच नाहीत.