गादीखालचा काळा सूट

"सुटीवर आलेल्या माणसाला काळा सूट कशाला लागतो?"

नेस्टाच्या हातातल्या सुटातून पाणी निथळत होतं. शुक्रवारी दुपारी कडक ऊन म्हणून त्यांनी मुक्कामाच्या व्हॅनचं छत उघडून ठेवलं होतं. तेवढ्यात समुद्रावरून सर आली आणि एम्लिननं छत मिटेपर्यंत वरच्या बिछान्यात तळं साचलं. गादी उचलली तर खाली हा सूट, घडीसुद्धा न मोडलेला.

एम्लिन चाळीस वर्षं आपल्या चॅपलमध्ये भजनांचा पहिला सूर धरत आला होता. एक रविवार चुकला नव्हता. म्हणूनच निघताना त्याच्या बायकोनं, नेस्टानं अट घातली होती, "एक आठवडा मी, तू आणि समुद्र. चॅपलचं नाव काढायचं नाही." एम्लिननं ती कबूल केली होती. फक्त नकाशावर मुक्काम ठरवताना शुक्रवार ते रविवारचा मुक्काम त्यानं बरोब्बर बेथानिया चॅपलच्या मागच्या शेतात टाकला होता.

कारण त्या रविवारी दहा वाजता तिथं पाद्री टेग्विन रीस येणार होते. वय चौऱ्याऐंशी. बोलता बोलता प्रवचनच गाऊ लागणाऱ्यांपैकी उरलेसुरले. पूर्वरंग अगदी साधा, शेजारी बसून गप्पा मारल्यासारखा. मग आवाज हळूहळू चढायचा, शब्दांना चाल लागायची आणि ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवरून कधी सुटले ते त्याला कळायचं नाही. एम्लिननं हे दहा वर्षांचा असताना एकदाच ऐकलं होतं. पुन्हा एकदा ऐकायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"कुणी गेलंबिलं तर जवळ असावा," तो म्हणाला.

"कोण जाणार आहे?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस पहिलं आठवेल ते नाव पकडतो. "इडवल. बरं नाही म्हणे त्याला."

इडवल म्हणजे दूध डेअरीत वीस वर्षं त्याच्या शेजारी काम केलेला गडी. घर बेथानियाच्या समोरच.

"अरे देवा! मग आत्ताच जाऊन भेटू या की."

"नको, नको. डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय."

"इतकं झालंय?"

"इतकं," एम्लिन म्हणाला. आता मागे फिरायला जागा नव्हती.

नेस्टा अंडी आणायला शेताच्या मालकिणीकडे, मेन्नाबाईंकडे गेली आणि कुणाला सांगू नका असं बजावून ही बातमी सांगून आली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली.

शनिवारी सकाळी धुकं, अकराला ऊन, बाराला गारा. गारांतच मेन्नाबाई मनुकांचा केक घेऊन व्हॅनच्या दारात उभ्या राहिल्या.

"इडवलकडे घेऊन गेले होते. दार कुणी उघडेना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या खोलीचे पडदे ओढलेत, बाई."

त्या किनाऱ्यावर भरदिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढले, की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. तसे पडदे घरातून कुणी कायमचं गेलं, तरच ओढतात.

"गेला बिचारा! बहिणीनं मयत तिच्या गावी नेलं असणार, कार्डिगनला."

एम्लिन पांढराफटक पडला. आपण बोललो म्हणून तर हे झालं नाही ना? तो खरं सांगायला तोंड उघडणार, तोच नेस्टानं डोळे पुसत ओला सूट हीटरसमोर टांगला. "माझी अट राहू दे बाजूला. उद्या चॅपलला जायलाच हवं."

एम्लिननं उघडलेलं तोंड मिटलं.

रविवारी बेथानिया खच्चून भरलं. हीटरपुढे सूट इतका आटला होता, की एम्लिनची मनगटं उघडी पडली होती. रीस हळूहळू व्यासपीठावर चढले. इडवल त्यांचा बालमित्र. दारातच कुणीतरी त्यांना बातमी सांगितली होती. त्यांनी बायबल उघडलं, पाहिलं, मिटलं.

"आज माझ्याच्यानं प्रवचन व्हायचं नाही," ते म्हणाले. आवाजात सूर सोडाच, ओलही नव्हती. "एक प्रार्थना म्हणू आणि घरी जाऊ."

छपन्न वर्षं जपलेली इच्छा एम्लिननं स्वतःच्या जिभेनं मारली होती. आता सहन होईना. तो उठला. काखेतली शिवण टर्रकन उसवली. "रीसबाबा, मला काही सांगायचंय. इडवल—"

मागचं दार उघडलं.

"उशीर झाला, माफ करा हं," छत्री झटकत इडवल आत आला. "कार्डिगनची बस चुकली. आणि माझ्या उंबऱ्यावर सात केक कुणी ठेवलेत?"

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. शेवटी मेन्नाबाईंनी विचारलं, "आणि ते पडदे?"

"नवा गालिचा टाकलाय ना! उन्हानं विटेल म्हणून पडदे ओढले आणि गेलो बहिणीकडे. ऊन कसलं पडतंय म्हणा इथं!"

रीस मित्राकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी थडग्यातून चार दिवसांनी चालत बाहेर आलेल्या लाजरसची गोष्ट सुरू केली. दुसऱ्या वाक्याला आवाज चढला. चौथ्याला चाल लागली. लाजरसच्या बहिणी रडल्या तेव्हा सज्जातल्या बायका रडल्या, दगड सरकला तेव्हा मागच्या बाकांवरचे म्हातारे खर्जात गुणगुणू लागले. बाहेर पाऊस आला, गेला, पुन्हा आला. पाऊण तास रीस गात होते. एम्लिन अजून उभाच होता, पण त्याला काय सांगायचं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. डोळ्यांतून धारा लागलेल्या नेस्टानं त्याचा हात घट्ट धरला होता.

दुपारी व्हॅन रस्त्याला लागली. वायपर सुरूच होते.

"गादीखाली सूट," नेस्टा म्हणाली. "रविवारी नेमका बेथानियामागे मुक्काम. इडवलला बरं नाही."

"नेस्टा, मी तुला—"

"समोर बघून चालव."

तिनं सुईदोरा काढला, सूट मांडीवर घेतला आणि उसवलेली काख शिवायला सुरुवात केली.

"पुढच्या रविवारी रीस बार्मथला आहेत," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"आपली सुटी शनिवारी संपते," एम्लिन जपून बोलला.

नेस्टानं दातानं दोरा तोडला. "बार्मथला आपल्या ओळखीचं, जरा आजारी पडण्यासारखं, कोण आहे आठव बघू."