राजेश्वरकाका आणि कंपनीने सोडलेले फोन

राजेश्वरकाकांच्या घरी चप्पल काढण्याआधी फोन काढावा लागतो. ते "या, बसा" म्हणत नाहीत. हात पुढे करून विचारतात, "कितवं अँड्रॉइड हाय?"

काका आमचे परभणीतले शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कंपनीने लक्ष देणं सोडलेल्या फोनचं कंपनीचं कुलूप तोडायचं, आतली प्रणाली पुसून त्यात मुक्त प्रणाली घालायची, हा त्यांचा उद्योग. ही प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही उघडून पाहावी, फुकट घ्यावी. आमच्या गल्लीत घरं चौदा. काकांच्या हाताखालून गेलेले फोन एकवीस, टॅब तीन. पैकी दोन फोन परत सुरू झाले नाहीत. काका मात्र एकच सांगतात. दुसरा म्हणे "अजून विचार करायलाय."

काकांच्या पुतणीला बघायला पोखर्णीचे पाहुणे आले, तेव्हा काकांनी मुलाचा फोन मागून घेतला आणि भर बैठकीत निकाल दिला, "पोरगा लय चांगलाय, पण तीन वर्सांपासून अपडेट न्हाई." तरी सोयरीक जमली. मुलाचा फोन साखरपुड्याआधीच मोकळा झाला.

माझ्या फोनचा कॅमेरा त्यांच्या हातून गेला. मी तक्रार केली, तर म्हणाले, "आवाज येतो ना? तुमी फोन घेतलाय, फोटो स्टुडिओ न्हाई."

त्यांच्या खिशातला फोन मात्र कंपनीच्याच जुन्या प्रणालीवर. गेल्या महिन्यापासून तो दिवसातून आठ-नऊ वेळा आपोआप बंद पडायचा. परवा दुपारी माझ्यासमोरच बंद पडला.

मी म्हणालो, "काका, आता याचंही कुलूप तोडा."

"तोडलं की आतलं सगळं पुसतंय."

"मग आधी कॉपी करून घेऊ."

"फोटू घेतले. पण हे कसं घ्यावं?"

फोन सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ काकांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. मग त्यांनी 'जेवून' एवढंच टाइप केलं. लिहिणाऱ्याची सवय ओळखून कीबोर्ड पुढचे शब्द सुचवतो, तसे वर शब्द येत गेले आणि काका एकेक दाबत गेले. घ्या. माझी. वाट. बघू. नका.

हा फोन काकूंचा होता. गंगाखेडला लेकीकडे गेल्या की त्या रोज दुपारी काकांना हेच पाठवायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"तिच्यामागं ह्याच्यावर मी दुसरं काही लिहिलंच न्हाई," काका म्हणाले. "माझी बोटं पडली की शब्द बदलतेल."

अडीच वाजले होते. काकांनी फोन चार्जरला लावला, हात धुतले आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.