दहा लक्ष एक या अभंग अंकाची हकिकत

श्री. सिद्धि देणारा गजानन, बुद्धि देणारी शारदा आणि दोन्ही असोन गप्प बसविणारी राजमर्जी, या तिघांस नमन. शके पंधराशे त्र्याण्णव, विरोधकृत नाम संवत्सरी धाकटे महाराज थोरल्या महाराजांपाशी अर्धे राज्य मागो लागले. थोरले महाराज बहुत संतापले आणि भर दरबारी बोलिले, "आमच्या निशाणावरील अंक दहा लक्ष एक. तो अभंग आहे. त्याचे समान वाटे होतील ते दिवशी राज्याचेही करू!" दरबाराने वाहवा केली, कारण भागाकार कोणासच येत नव्हता. धाकटे महाराज म्हणाले, "गणकास विचारा." मग गणक गिरमाजीपंत धूळपाटी घेऊन बसले आणि दोहोंनी भागिले, न गेला, तिहींनी, साताने, तेराने भागिले, न गेला, आणि दर खेपेस चौघडा वाजला. सत्त्याण्णवही हरला तेव्हा दिवाण यादोराव कानाशी लागले, "पंत, आता पुरे." परंतु पंतांचा हात राहीना, आणि एकशे एकाने अंक निःशेष गेला, भाग आला नऊ हजार नऊशे एक. पंतांनी धूळपाटी पुसली आणि उद्या सांगतो म्हणोन घरी आले. कुटुंब गोदूबाई म्हणाली, "अंक फुटला तर जगाचे काय बिघडते? तुमचे डोके फुटले तर माझे बिघडते. नाही फुटत म्हणोन सांगा!" पंत म्हणाले, "अगे, या हातांनी फोडिला. आता नाही कसे म्हणू?"

दुसरे दिवशी पंतांनी खरे सांगितले आणि महाराजांनी त्यांचे पायी बेडी घातली. मग दिवाणांनी अर्ज केला, "अपराध आपल्या अंकाचा नव्हे. एकशे एक आणि त्याचा जोडीदार नऊ हजार नऊशे एक, हे दोघे फितूर. त्यांस हद्दपार करावे." महाराज प्रसन्न जाहले आणि दवंडी पिटविली की येथून पुढे शंभरानंतर एकशे दोन मोजावे, आणि नऊ हजार नऊशेनंतर नऊ हजार नऊशे दोन. मग नव्या मोजणीने दहा लक्ष एक कवड्या चौकात ओतविल्या आणि पंतांस आज्ञा केली, "आता फोडून दाखवा." मोजणीत दोन अंक गाळले, सबब ढिगात दोन कवड्या उण्या, हे पंतांनी ओळखले आणि ते मुकाट वाटे घालो लागले. दोन केले, एक कवडी उरली. चौघडा वाजला. तीन केले, काहीच न उरले. चौघडा थांबला, आणि पायी बेडी असोनही पंतांस हसू आवरेना. महाराज ओरडले, "तीन? भाऊ तर दोनच!" दिवाणांनी लवून मुजरा केला, "तिसरा वाटा सेवक सांभाळील."

तात्पर्य, थोरल्यांस निशाण, धाकट्यांस मुलूख आणि दिवाणांस किल्ले मिळोन राज्य तीन ठिकाणी सुखरूप जाहले. पंतांची बेडी कोणी काढावी याचा निवाडा तिन्ही दरबारांत होईना, म्हणोन ते तैसेच खुळखुळत घरी गेले. राज्यात अखंड ऐसी तेवढी बेडी राहिली. इति.